सगुणाच्या तांब्याचा हिवाळा

एका टेकडीच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावाला वर्षं मोजायची एक गमतीशीर खोड होती. तिथे कुणी आकडे सांगत नसे. पावसाळ्याआधी पुरुषांची टेकडीवर धाव व्हायची. जो निशाणाला पहिला हात लावेल, त्याचं नाव त्या पावसाळ्याला. दिवाळी सरली की बायकांची धाव व्हायची. जी पहिली, तिचं नाव हिवाळ्याला. म्हणून तिथली माणसं म्हणायची, "आमचा थोरला धोंडूच्या पावसाळ्यातला, आणि धाकटी पारूच्या हिवाळ्यातली." धोंडू आणि पारू कधीच देवाघरी गेले होते, पण नावं गावाच्या तोंडात राहिली होती. याहून मोठं बक्षीस त्या गावाला ठाऊकच नव्हतं.

बायकांच्या धावेची पंच होती भागीरथीकाकू. तिला एकच व्यसन होतं, विचारण्याचं. सूर्य का मावळतो इथपासून ते शेजारणीनं आज आमटीत कोकम का घातलं इथपर्यंत तिला सगळं जाणून घ्यायचं असे. पोरं पाठीमागे तिला 'का-काकू' म्हणत. काकूला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एका वर्षी धावेच्या पंधरा दिवस आधी कुंभाराची लेक सगुणा काकूच्या अंगणात येऊन उभी राहिली. सगुणा सात वर्षं धावत होती आणि दोनदा दुसरी आली होती. माघात तिचं लग्न ठरलं होतं. मग ती सासरी जाणार, दूर नदीपलीकडे. गावाच्या तोंडात नाव ठेवून जायची ही शेवटची संधी होती.

"काकू, केतकी यंदा आमच्यात धावणार म्हणे," ती म्हणाली. "हे बरोबर आहे का?"

केतकी ही गावातल्या विणकराची लेक. चार वर्षांपूर्वी तीच पुरुषांच्या धावेत मुलगा म्हणून धावली होती. मग ती मामाच्या गावी गेली आणि परतली ती लुगडं नेसून, नवं नाव घेऊन. "मी आतून नेहमी हीच होते," एवढंच तिनं सांगितलं. गाव आठ दिवस कुजबुजलं. मग भाताची लावणी आली आणि कुणाला कुजबुजायला सवड राहिली नाही. पण आता धाव जवळ आली, तशी कुजबुज पुन्हा उगवली.

काकूनं डोकं खाजवलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तुम्ही पंच ना?"

"पंच आहे म्हणून सगळं माहीत असतं होय गं? पण विचारून तर बघू."

मग काय विचारता! काकूला जणू पुरणपोळीच मिळाली. तिनं आधी केतकीला गाठलं. केतकी मागावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "काकू, मामाच्या गावच्या वैद्याचं औषध मी दोन वर्षं घेते. मी ते कधी लपवलं नाही. पुरुषांबरोबर आता मला धावता येत नाही, आणि मी त्यांच्यातली नाहीही. मी धावूच नये असं असेल, तर ते मला तोंडावर सांगा. पाठीमागे नको."

काकू बैलगाडी करून त्या वैद्याकडेही जाऊन आली. वैद्य प्रामाणिक होता. तो म्हणाला, "औषधानं ताकद काही उतरते. हाडं आहेत तेवढीच राहतात. दोन्हींची बेरीज किती, ते मी सांगू शकत नाही. आम्ही कुणी मोजलेलंच नाही."

"मग मी मोजते," काकू म्हणाली.

तिनं केतकीला आणि सगुणाला टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंत पळवलं आणि स्वतः दगडावर बसून आकडे मोजले. मध्येच एक कोंबडी आडवी आली नि आकडा चुकला, म्हणून पुन्हा पळवलं. सपाटीवर केतकी पुढे राही, चढावर सगुणा. पण कितीनं आणि दर वेळी का, ते काही काकूला उमगेना.

शेवटी तिनं धावणाऱ्या साऱ्या जणींना खळ्यात बसवलं, जे कळलं ते सांगितलं आणि जे कळलं नाही तेही सांगितलं. सगुणा उठून म्हणाली, "मी सात वर्षं पाय झिजवलेत. आणि ही आम्हा सगळ्यांहून उंच आहे. मला भीती वाटते, हे मी खरं तेच बोलते." केतकी म्हणाली, "भीती मलाही वाटते." बराच खल झाला. अखेर ठरलं की यंदा केतकीनं बायकांत धावावं. ती पहिली आली, तर तिच्यामागून येणारीचं नावही हिवाळ्याला जोडावं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसून विचार करावा. दहा जणींतल्या आठ जणींनी हात वर केले, एकीनं अर्धाच केला. सगुणानं केला नाही. तिला हिवाळा अख्खा हवा होता.

आता त्या धावेची एक जुनी रीत होती. प्रत्येकीनं घरून आपला पाण्याचा तांब्या भरून आणायचा. चुन्याच्या रेघेवर उंचीनं उभं राहायचं, शेजारणीशी तांबे बदलायचे, तिचं पाणी ओठाला नुसतं लावायचं, आणि आपला तांब्या परत घेऊन पिऊन टाकायचा. मग हलगी वाजायची.

धावेच्या आदल्या दिवशी काकूनं निशाण सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गुरवबाबाला विचारलं, "बाबा, पाणी ओठाला लावून परत का देतात?"

"रीत आहे भागा."

"पण का?"

बाबानं कपाळाला आठ्या घातल्या. "माझ्या आजीच्या वेळी परत देत नसत खरं. एकमेकींचा तांब्या अख्खा प्यायच्या. पुढं उष्ट्याचं कुणाला वाटायला लागलं, की पोरींना घाई झाली, देव जाणे. नुसतं ओठाला लावायचं तेवढं उरलं."

"आणि अख्खा का प्यायच्या?"

"मला काय ठाऊक? तेव्हा तुझ्यासारखं विचारणारं कुणी नव्हतं."

काकूला काही राहवेना. अख्खा तांब्या प्यायल्यावर काय होतं, ते तिला बघायचंच होतं. कुणाला पकडावं असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सारा गाव टेकडीखाली जमला. दहा जणी काष्टे खोचून रेघेवर उभ्या राहिल्या. सगळ्यांत उंच केतकी, तिच्याशेजारी सगुणा. तांबे बदलून झाले. तेवढ्यात काकू ओरडली, "थांबा गं! यंदा जुन्या रितीनं करू. परत द्यायचं नाही. शेजारणीचा तांब्या सगळा प्यायचा."

पोरी हसल्या. नऊ तांबे वर गेले. सगुणाच्या हातात केतकीचा तांब्या तसाच राहिला. तिचे डोळे केतकीच्या हातातल्या आपल्या तांब्यावर खिळले होते. केतकीनं तो तोंडाला लावला मात्र, सगुणानं असा फटका मारला की तांब्या उडून चुन्याच्या रेघेवर पडला. पांढरी रेघ काळी झाली.

हलगीवाल्याचा हात हवेतच राहिला.

"हे पाणी नाही," काकू वाकून बघत म्हणाली. "काय आहे गं हे?"

सगुणा म्हणाली, "अर्क आहे. बाजारात तो औषधविक्या आला होता ना, त्याच्याकडचा. प्यायलं की दम लागत नाही म्हणतो."

सगळ्यांना तो अर्क ठाऊक होता. शेजारच्या गावात एका गाडीवानानं तो बैलाला पाजला होता. बैल शर्यत जिंकला आणि वेशीत येऊन कोसळला, तो पुन्हा उठला नाही.

"बैलाचं तुला ठाऊक होतं?" काकूनं विचारलं.

"होतं."

"तरी तू पिणार होतीस?"

"मी पिणार होते." सगुणाला रडू फुटलं. "पण तिला कसा पिऊ देऊ, काकू? तिला काही झालं असतं तर?"

काकू मटकन चुन्याच्या रेघेवरच बसली. कालपासून छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यासमोर मातीत मुरत होतं. तांबे अख्खे का प्यायचे, ते आता कळलं. शेजारणीला पाजता येईल तेच आपण प्यायचं, एवढी साधी गोष्ट त्या जुन्या बायकांनी रितीत घालून ठेवली होती, आणि गावानं तिची नक्कल तेवढी जपली होती.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सगुणाला काढा! आणि त्या केतकीलाही काढा! दोघी सारख्याच!"

काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सारख्या कशा रे? तांब्या बदलता येतो, पाय बदलता येतात का? पाय ज्याला जे मिळाले ते मिळाले. कुणी कुणात धावावं हा प्रश्न आहे, आणि तो आम्ही खळ्यात सगळ्यांसमोर मांडलाय. केतकीनं त्यातलं काय लपवलं? प्रश्न असणं म्हणजे लबाडी नव्हे. लबाडी असते ती लपवलेली."

मग ती सगुणाकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "पोरी, तू माझ्या अंगणात येऊन विचारलंस, ते चांगलं केलंस. तुझी भीतीही खोटी नव्हती. पण त्याचं उत्तर तू चोरून भरून आणलंस. यंदा तुला धावता येणार नाही."

"पुढच्या वर्षी मी इथं नसेन, काकू."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाली, आणि तिला खरंच फार वाईट वाटलं.

सगुणा रेघेवरून बाजूला झाली. हलगी वाजली. नऊ जणी धुरळा उडवत चढू लागल्या. सगळा गाव केतकीकडे बघत होता, आणि निशाणाला पहिला हात लागला तो शेळ्या राखणाऱ्या म्हाळसाचा, जिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. केतकी तिच्यामागे दोन हात.

"सुटला प्रश्न!" गुरवबाबा म्हणाला.

"छे!" काकू म्हणाली. "शितावरून भाताची परीक्षा होते बाबा, धावेची नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, पुन्हा बसू. आणि काय हो, ही म्हाळसा शेळ्यांमागे रोज दोनदा ही टेकडी चढते, त्याचं काय?" तिचे डोळे चमकायला लागले, तसा बाबा काठी टेकत लगबगीनं घरी निघाला.

खाली विहिरीपाशी सगुणा आपला तांब्या घासत होती. राखेनं तीनदा घासून, तीनदा विसळून तिनं तो सगळ्यांच्या देखत भरला आणि टेकडी उतरून आलेल्या केतकीपुढे धरला. केतकीनं क्षणभर सगुणाच्या तोंडाकडे पाहिलं, तांब्या घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी पिऊन टाकलं.

माघात सगुणा सासरी गेली. रितीप्रमाणे त्या हिवाळ्याला म्हाळसाचं नाव दिलं होतं. पण लोकांच्या जिभेला कोण आवरणार? त्या थंडीत जन्मलेल्या पोरांबद्दल विचारलं की आया सांगायच्या, "हा सगुणाच्या तांब्याच्या हिवाळ्यातला." पोरं विचारायची, का? मग आया सगळी गोष्ट सांगत बसायच्या. म्हाळसा मात्र जन्मभर कुरकुरत राहिली, "धावले मी, जिंकले मी, आणि नाव तांब्याला!"

आणि त्या गावात तांबे पुन्हा कधी नुसते ओठाला लावून परत गेले नाहीत.

तात्पर्य: जे प्रतिस्पर्ध्याच्या हाती उघडपणे देता येत नाही, ते घेऊन रेघेवर उभं राहू नये, आणि ज्याचं उत्तर ठाऊक नाही ते सगळ्यांनी मिळून शोधावं, विचारणाऱ्याला भित्रा आणि वेगळ्याला लबाड ठरवू नये.