टोक नसलेला डोंगर

सपाट माथ्याच्या एका डोंगराखाली एक गाव होतं. गावच्या शाळेत धोंडगे मास्तर चित्रकला शिकवायचे. देखावा म्हटला की त्यांचं ठरलेलं. तीन टोकदार त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी. त्यांच्या मास्तरांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. खरा डोंगर खिडकीबाहेर उभा होता, पण मास्तरांची खिडकीकडे कायम पाठ.

केसर नावाच्या मुलीने एकदा डोंगर सपाट काढला. डाव्या अंगाला गुरं चढतात ती खाचही काढली.

"हा डोंगर आहे की पालथा टोप? डोंगराला टोक असतं!" मास्तर म्हणाले. वर्ग हसला.

"आपल्या डोंगराला नाहीये ना, मास्तर."

उलट बोलली म्हणून मास्तरांनी कागद टराटरा फाडला. घरी बापही मास्तरांच्याच बाजूने. "ते सांगतात तसं काढ की. तुला काय जास्त कळतं?" मोठी माणसं एकमेकांना अशीच सांभाळून घेतात. केसरने रंगपेटी माळ्यावर फेकली.

पुढे मास्तरांची आई अंथरुणाला खिळली. लहानपणी तिने त्याच डोंगरावर गुरं राखली होती. "मला एकदा डोंगर दाखव रे," ती म्हणाली. तिला उचलून बाहेर आणणंही आता शक्य नव्हतं. म्हणून मास्तरांनी चित्र काढून दाखवलं.

"हा कुणाचा डोंगर?" म्हातारीने तोंड फिरवलं.

मास्तरांनी पुन्हा काढलं. पुन्हा त्रिकोणच. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. शेवटी ते केसरच्या दारात गेले.

"पोरी, तुझं ते चित्र देतेस? आईला हवंय."

"तुम्हीच फाडलंत."

मास्तरांची मान खाली गेली. "मग दुसरं काढून दे."

केसरचा राग मास्तरांवर होता, म्हातारीवर नव्हता. ती म्हणाली, "आई तुमची आहे, तुम्हीच काढा. फक्त इकडे बघून काढा." आणि तिने त्यांना खांद्याला धरून डोंगराकडे वळवलं.

मास्तर घरून कागद-रंग घेऊन आले आणि तिथेच अंगणात बसले. रेघ वेडीवाकडी आली, रंग ओघळला. पण घरी आईने चित्र हातात घेतलं, खाचेवर बोट ठेवलं आणि हसली.

"इथूनच चढायचो आम्ही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गातली सगळी बाकं खिडकीकडे वळवली. माफी मात्र मागितली नाही. तेवढं मोठ्यांना अजून जमत नाही. केसरने तरीही रंगपेटी खाली काढली.

तात्पर्य: ज्याने स्वतः कधी पाहिलं नाही, त्याने पाहणाऱ्याचा कागद फाडू नये.