जुन्या प्लेअरची खरखर

घरोघरी सीडी वाजत असत, त्या काळची गोष्ट. केळुसकर मास्तरांनी एकदाचा भारीतला सीडी प्लेअर घेतला. जुन्या प्लेअरच्या लाल-पांढऱ्या वायरी काढून नव्याला लावल्या आणि पहिलीच सीडी घातली ती स्वतःच्या गाण्याची.

ऐकताच मास्तर हादरले. वरचा सा चक्क उतरलेला! एकदा नाही, दर वेळी!

"अहो, हे तुम्हीच गाताय?" त्यांच्या पत्नी शरयूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

टेबलाखाली ठेवलेला जुना प्लेअर नव्यावर खेकसला, "मेल्या, पंधरा वर्षं मी त्या सुरावर माझी खरखर पांघरली. तू एका दिवसात माणसाला उघडं पाडलंस!"

"मी पदरचं काहीच घातलं नाही हो," नवा गांगरून म्हणाला.

तेवढ्यात मास्तर उठले. त्यांनी कपाटावरचा तंबोरा खाली काढला. "शरयू, ती जागा पुन्हा लाव. सूर लागेपर्यंत आता उठायचं नाही."

तंबोऱ्याच्या गवसणीवर धुळीचा जाड थर होता. तो पाहून जुना प्लेअर सुन्न झाला. "म्हणजे पंधरा वर्षं यांचा रियाज मीच बुडवला?"