इराच्या हाकेला ओ

एक होती हाक. मुंगीएवढी.

इरा फोनमध्ये म्हणाली, "आत्या, लवकर ये!" आत्याने थोपटल्याशिवाय इराला दुपारची झोप म्हणून येत नाही. हाक निघाली. पण आत्याकडे पोचलीच नाही. वाटेतच हरवली, बाई!

इराच्या गावचा फोन भारी शहाणा. नंबर दाबायचे नाहीत, नुसतं बोलायचं. टेकडीवरच्या खोलीत दोन पेट्या असतात, थोरली आणि धाकटी. त्या आवाज ओळखतात. ज्याची हाक त्याच्याकडे धाडतात. थोरली दमली तर धाकटीने ऐकायचं, असं ठरलेलं.

टुणुक टुणुक, हाक टेकडी चढली. थोरली पेंगत होती, घुर्र घुर्र.

"थोरले, थोरले, मला ऐक ना! ओ मिळाली नाही तर मी विरून जाईन."

थोरली म्हणाली, "विजेची तार निजलीय. मला कसं ऐकू येणार? जा धाकटीकडे. ती आहे कशाला?"

टुणुक टुणुक, हाक धाकटीकडे गेली.

"धाकटे, धाकटे, ऊठ ना! थोरली ऐकेना, हाकेला कुणी ओ देईना!"

धाकटीने जांभई दिली. "अगं, मीही त्याच तारेवर! तार जागली तर मी उठेन."

हाकेतलं 'लवकर' गळून पडलं. उरलं नुसतं, "आत्या, ये."

टुणुक टुणुक, हाक तारेकडे गेली.

"तारे, तारे, जागी हो ना! धाकटी उठेना, थोरली ऐकेना, हाकेला कुणी ओ देईना!"

तार म्हणाली, "खटका वाजला तर जागेन."

टुणुक टुणुक, हाक खटक्याकडे गेली.

"खटक्या, खटक्या, वाज ना! तार जागेना, धाकटी उठेना, थोरली ऐकेना, हाकेला कुणी ओ देईना!"

खटका म्हणाला, "मी काय आपोआप वाजतो? गेनूमामा दाबेल तर वाजेन."

गेनूमामा पेट्यांचा राखणदार. खुर्चीत बसलेला. मांडीवर भुरी मांजर.

टुणुक टुणुक, हाक मामाकडे गेली.

"मामा, मामा, हल ना! खटका वाजेना, तार जागेना, धाकटी उठेना, थोरली ऐकेना, हाकेला कुणी ओ देईना!"

मामा कुजबुजला, "शूऽऽ! भुरी निजलीय. मांडीवरच्या मांजराला कुणी उठवतं होय? ती उठली तर मी हलेन."

हाकेतलं 'आत्या'ही गळून पडलं. उरलं एवढंसं, "ये."

टुक... टुक... हाक भुरीच्या कानाशी गेली. आता सगळं गाऱ्हाणं सांगायला उरलंय काय तिच्यात? ती नुसती म्हणाली, "ये."

भुरीने कान टवकारले. "मला बोलावलं? दूध?" आणि टुणकन उडी!

भुरी उठली, मामा हलला. मामा हलला, खटका वाजला, खट्ट! खटका वाजला, तार जागली, झुंईंऽऽ! तार जागली, धाकटी उठली. थोरली अजून आळोखेपिळोखे देत होती. धाकटीने कान लावला.

"ये? नुसतं ये? कुणी म्हटलं? कुणाला?" मग ती हसली. "अगोबाई, हा तर इराचा आवाज! आणि दुपारी इरा बोलावते ती आत्यालाच!"

झर्रकन हाक आत्याच्या कानात!

"ओऽऽ! आले गं, इरा!"

मिळाली! हाकेला ओ मिळाली. हाक ओला बिलगली. दोघी जोडीने इराच्या कानात जाऊन बसल्या.

इकडे मामा डोकं खाजवत होता. "दोन पेट्यांना एकच तार? कुणी केला हा शहाणपणा?"

भुरी त्याच्याकडे बघत राहिली.

"बरं बरं. मीच केला!" मामाने धाकटीला वेगळी तार जोडली.

आत्या आली. थोप थोप, थोप थोप. इरा निजली. भुरी निजली. टेकडीवर थोरलीही निजली, घुर्र घुर्र.

धाकटी मात्र जागी होती. कान लावून.