रोज एक ठोका कमी

"रोज एक ठोका कमी! एक दिवस जरी चुकला, तरी जासुदकी गेली, घर गेलं आणि वेशीबाहेरचा रस्ता धरायचा."

उधोजी राजानं हुकूम सुनावला, तेव्हा धावत निरोप पोहोचवणारा त्याचा जासूद भिवा मांडी धरून उभा होता. पागेपासून नगारखान्यापर्यंत तो चाळीस ठोक्यांत पोहोचायचा. ठोके नगारचीनं द्यायचे आणि त्यानंच मोजायचे. राज्यात भिवाएवढा वेगवान दुसरा कोणी नव्हता. पण जासुदांच्या खात्यावर राजाचे मेहुणे दौलतराव आले. त्यांची लायकी एकच, बहीण राणी होती. त्यांनी रोज सकाळी परीक्षा सुरू केली. रोज जीव तोडून धावून भिवाच्या चाळिसाचे त्रेचाळीस झाले, मग मांडीची शीर आखडली.

"आळस, दुसरं काय," दौलतराव लोडाला टेकून म्हणाले. हुकूमही त्यांनीच राजाच्या गळी उतरवला.

भिवाची बायको गोजरा पुढं झाली. तिचा बाप पागेत घोड्यांची देखभाल करायचा.

"महाराज, मोजणी कधीपासून?"

"उद्यापासून. उद्या जितके ठोके, परवा त्यातून एक कमी. मग रोज तसंच."

"लिहून मिळेल?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुमच्या शब्दावर आहे जी. मेहुणेसाहेबांच्या आठवणीवर नाही."

राजानं लिहून शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी नगारा वाजला आणि भिवा निघाला, तो चालत. वाटेत त्यानं पान लावलं. गवळ्याच्या पारावर बसून आजारी म्हशीची चौकशी केली. नगारचीचे हात भरून आले. भिवा पोहोचला तेव्हा तीनशे ठोके झाले होते.

"ही काय थट्टा आहे?" राजा गरजला.

"पहिला दिवस आहे, महाराज," गोजरा म्हणाली. "उद्या दोनशे नव्याण्णव. सुधारणा दिसेलच."

"फसवणूक आहे ही!" दौलतराव उठून बसले. "याला चाळिसात धावता येतं."

"येतं की. पण आज चाळीस केले, तर उद्या एकोणचाळीस, परवा अडतीस. मेहुणेसाहेब, असं करत एकेचाळिसाव्या दिवशी किती?"

दौलतरावांनी बोटं मोजली, मग शेजाऱ्याची बोटं मोजली. "शून्य."

"आणि बेचाळिसाव्या?"

दौलतरावांनी पुन्हा शेजाऱ्याचा हात ओढला. राजाच हळूच म्हणाला, "त्या दिवशी निघायच्या आधीच पोहोचावं लागेल."

"तेवढा दिवस जरा लांबवला जी. बाकी हुकूम पाळतोच आहोत. माझा बाप घोडा रोज भरधाव सोडत नाही. एक दिवस दौड, दोन दिवस चाल, वर दाणा आणि मालिश. जासुदाला निदान घोड्याइतकं तरी वागवा."

राजानं मिशीवर हात ठेवला, हसू लपवायला. "दौलतराव, तुम्ही कधी धावलात?"

"मी परीक्षक आहे, महाराज."

"मग आज परीक्षा द्या. पागेपासून पळा!"

नगारा वाजला. दौलतराव धोतर आवरत, धापा टाकत, खरोखर जीव तोडून पळाले आणि नगारखान्याच्या पायरीवर आडवे झाले.

"तीनशे एक," नगारची म्हणाला.

"पान न खाता?" भिवानं विचारलं.

राजा हसता हसता गादीवरून घसरला. त्यानं हातातला सोन्याचा तोडा काढून गोजराला दिला, जासुदांचं खातंही दिलं. "आण तो हुकूम, फाडून टाकतो."

"आमच्यापुरता फाडा जी," गोजरा म्हणाली. "मेहुणेसाहेबांचा चालू ठेवा. त्यांना उद्या तीनशे करायचेत."