दुरकीच्या ओट्यावरचा विस्तव

नाल्याच्या अलीकडे तो दगडी ओटा दिसतो ना, वर छप्पर नसलेला, तो दुरकीचा ओटा. नाल्याच्या पलीकडे स्मशान. मघाशी बायका हातात खापरं घेऊन ओट्यावरून निघालेल्या तुम्ही पाहिल्यात, तुमच्यातल्या एकानं फोटोही काढले. काढा, हरकत नाही, पण आधी ऐका. आज पहाटे आमच्या कोयलीबारीत गवतावरचं दव गोठलं. सातपुड्याच्या या टोकाला दव गोठलं की हिवाळा आला असं आम्ही धरतो. त्या दिवशी गावातली प्रत्येक चूल विझवायची आणि या ओट्यावरचा विस्तव घरोघर न्यायचा. गॅस आला, तरी आज लायटरला कुणी हात लावत नाही.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा इथं एकवीस घरं होती आणि या ओट्यावर दुरकीची झोपडी. तिचा नवरा बैल घेऊन मीठ आणायला खाली तापीकाठी गेलेला, जाताना चकमक सोबत घेऊन गेलेला. दुरकी नऊ दिवसांची बाळंतीण, अंगात ताप. सकाळपासून ग्लानीत पडून राहिली, आणि दुपारी जाग आली तेव्हा चूल विझलेली अन् पोरगी निळी पडत चाललेली.

नेमके त्याच सकाळी गावचे उखाजी कारभारी वारले होते. गावात मयत झालं की त्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, दिला तर त्या घरातलं माणूस मेलेल्यामागं जातं, असा नियम होता म्हणे. खुद्द कारभाऱ्यांनीच तो कडक पाळायला लावलेला.

दुरकी पोरीला पोटाशी बांधून, हातात खापर घेऊन दारोदार फिरली. गाव काही दुष्ट नव्हतं. एकीनं भाकरी दिली, एकीनं घोंगडी दिली, एकीनं पोरीच्या टाळूवर तेल घातलं. विस्तव मात्र कुणीच दिला नाही.

"आज नही माय, सकाय ये." आज नाही, उद्या ये, प्रत्येक दारात हेच.

प्रत्येकीला वाटलं, पुढच्या दारी मिळेल. या गोष्टीत मला राग येतो तो त्या वाटण्याचा. अशी वीस दारं झाली. एकविसावं दार कारभाऱ्यांचं, तिथं तर सुतक, चूलच विझवलेली.

उन्हं कलली होती. पुरुषमंडळी चितेला अग्नी देऊन, नाल्यावर अंघोळी करून परतली होती. ती सगळी घरात शिरली आणि दुरकीनं नाला ओलांडला.

हो, तेच. कारभाऱ्यांच्या चितेतला निखारा तिनं खापरात घेतला, घरी आणला आणि त्यावर नऊ दिवसांचं लेकरू शेकलं. काटा आला ना अंगावर? मी पन्नास वर्षं ही गोष्ट सांगतोय, मला अजून येतो.

दुसऱ्या दिवशी गाव उठलं तर एकाही घरात विस्तव नाही. झोपताना राखेखाली निखारा पुरून ठेवायची तेव्हा रीत. बायकांनी राख उकरली, तर आत निखारा नाहीच, राखच दवानं गोठून पांढरी झालेली. चुलीच्या पोटात दव! बायका किंचाळत अंगणात आल्या म्हणे. पुरुषांनी चकमकी झिजवल्या, कापूस पेटेना. कुणी स्मशानाकडं पाहिलं, तर चिताही गार. म्हातारी माणसं कुडकुडायला लागली, लहानांचे ओठ काळेनिळे झाले. तेवढ्यात कुणाला तरी नाल्याकाठी धूर दिसला.

सगळं गाव दुरकीच्या दारात येऊन थांबलं. पोरगी अंगावर पीत होती, गालावर चांगली लाली आलेली. दुरकी कुणाला टोचून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "हाऊ इस्तो मसनना शे. कारभारीना सरनना. चाली का?"

गाव दोन पावलं मागं सरलं. मग गर्दीतून कारभाऱ्यांची बायको ठगाबाई पुढं आली, कालच कुंकू पुसलेली. तिरडीपुढं विस्तवाचं मडकं नेतात ते घरच्याच चुलीतून भरून. तिनं हातातलं खापर दुरकीपुढं धरलं.

"हाऊ ते मनीच चूलना शे. मडकामा मीच भरी दिधा व्हता. दे माय."

त्या दिवसापासून गावाचा नियम उलटा झाला. विस्तव मागत फिरायची वेळ कुणावर आणायची नाही. आपणच दारात जाऊन द्यायचा, आणि समोरच्यानं तो घ्यायचाच. दुरकी गेली, झोपडी गेली, ओटा राहिला. त्यावरचा विस्तव गावानं तेव्हापासून विझू दिला नाही, असं सांगतात. आजही थंडीच्या पहिल्या दिवशी पहिलं खापर कारभाऱ्यांच्या घरच्या सुनेचं असतं. आता ती माझी सून.

तुमच्या हातातला चहा तिनंच केलाय, त्याच विस्तवावर. अहो, कप खाली काय ठेवताय? प्या. आमच्या गावात नाही म्हणत नाहीत.