वाजेवाडीचा हेडफोन

वाजेवाडी हे बँडवाल्यांचं गाव. तिथलं मूल नीट चालायला लागायच्या आधी ताशावर हात मारायला शिके. घराघरांतून दिवसभर सराव चाले, त्यामुळे शेजारणीकडे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे.

या गावाची एक रीत होती. नवं वाद्य आलं की ते ओढ्यावर न्यायचं. एकाने अलीकडे वाजवायचं, दुसऱ्याने पलीकडे उभं राहायचं. पलीकडच्याने हात वर केला की वाद्य पास. ढोल, ताशे, ट्रम्पेट सगळे असेच पारखून घेतलेले, आणि त्यात गाव कधी फसलं नव्हतं. लांबवर ऐकू जातं ते चांगलं, हे वाजेवाडीत लहानथोर सगळ्यांना पाठ होतं.

एका वर्षी तालुक्याच्या जत्रेत बँडची स्पर्धा ठरली. जिंकेल त्या बँडला लग्नसराईभर तालुक्यातली मोठी कामं मिळणार होती. वाजेवाडीचा मागचा हंगाम रिकामा गेला होता. यंदाही तसंच झालं तर बँड मोडायचा आणि ज्याने त्याने शहरात काम शोधायचं, असं ठरून गेलं होतं. बँडचे प्रमुख गेनबातात्या या विचाराने खंगत चालले होते.

स्पर्धेसाठी पंचांनी सगळ्या बँडना मोबाईलवर एक जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. क्लॅरिनेटवरची वरातीची धून होती ती. तात्या ती आयुष्यभर वाजवत आले होते, त्यांची कळी खुलली. पण खाली पंचांनी लिहिलं होतं, 'यात दोन क्लॅरिनेट आहेत. दोन्ही वाजवा.'

मंडळी चक्रावली. त्यांनी मोबाईल कानाला लावला, दारं-खिडक्या लावून ऐकला, पितळी डब्यात ठेवूनही ऐकला. क्लॅरिनेट एकच ऐकू येई. दुसरी वाजवायची होती कस्तुराला. वडील गेल्यावर त्यांची क्लॅरिनेट तिने हातात घेतली होती, आणि बँडमध्ये ती अजून नवखीच होती.

"हेडफोन लागंल, तात्या," ती म्हणाली.

वर्गणीच्या डब्यात होतं नव्हतं ते घेऊन सगळा बँड तालुक्याच्या बाजारात जायला टेम्पोत चढला. एक हेडफोन आणायचा आणि टेम्पोभर माणसं. हुरूप असा की वाटेत कुणी गप्प बसायला तयार नव्हतं.

दुकानदाराने डब्याकडे पाहिलं आणि त्यात बसतील असे दोन हेडफोन पुढे ठेवले. एक मोठा, लाल-निळे दिवे लुकलुकणारा. दुसरा काळा, साधा, नजरेत न भरणारा.

तात्यांनी दिवेवाला कस्तुराच्या डोक्यावर चढवला, आवाज पुरा सोडायला लावला आणि तडक रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. इथे ओढा कुठला असायला. दुकानदार बघतच राहिला. हेडफोनमधून धाडधाड आवाज बाहेर पडला, रस्ताही तसा अरुंदच होता, आणि तात्यांचा हात वर गेला. मंडळींनी टाळ्या पिटल्या.

मग काळ्याची पाळी आली. तात्या पुन्हा पलीकडे. हात काही वर जाईना. ते रस्त्याच्या मधोमध आले, पायरीवर आले, शेवटी कस्तुराच्या कानाशी वाकले.

"बंद हाय ह्यो," तात्या म्हणाले. "दिव्याचाच बांधा."

कस्तुरा जागची हलली नाही. तिच्या कानात धून चालू होती, आणि त्या धुनेच्या खालून दुसरी क्लॅरिनेट हलक्या आवाजात पहिलीला उत्तर देत होती. वाजवणाऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. तिच्या अंगावर काटा आला.

तरी दिवे तिलाही आवडले होते, खोटं कशाला बोला. गावात मिरवायला ते बरे होते. म्हणून तिने दिवेवाला पुन्हा घातला, तीच धून लावली आणि आवाज कमी केला. नुसती ढोलांची धडधड उरली, क्लॅरिनेट पार बुडाली. मग काळा घातला, आवाज तसाच कमी ठेवला. दोन्ही क्लॅरिनेट जागच्या जागी होत्या. तो तिने बराच वेळ डोक्यावर राहू दिला, कान दुखतात का ते पाहिलं, वायर जोडापाशी वाकवून पाहिली. तोवर दुकानदाराने सगळ्यांना चहा मागवला.

"ह्योच घ्यायचा," ती म्हणाली.

"पायरीपत्तुर बी येत न्हाई त्याचा आवाज."

"तात्या, रस्त्याला कशाला ऐकवायचं? ऐकायचं मला हाय. तुमी एकदा घालून तर बघा."

"आता तू मला शिकवनार?" तात्यांनी तोंड फिरवलं.

सगळा बँड तिच्याकडे बघत होता. तिने मान डोलावली असती तर विषय तिथेच मिटला असता, आणि कुणी तिला बोलही लावला नसता. तरी ती म्हणाली, "ह्योच घ्या. पंचांनी माझी साथ चुकीची ठरवली तर बापाची क्लॅरिनेट तुमच्या हातात दीन, आन् पुन्यांदा वाजवनार न्हाई."

तात्यांनी डबा दुकानदारापुढे सरकवला. परतताना मात्र ते तिच्यापासून लांब, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

कस्तुराने ऐकून ऐकून दुसरी क्लॅरिनेट बसवली आणि सरावाला तात्यांबरोबर वाजवली. ती साथ तात्यांच्या कानाला गोड लागली, पण पोरीने ती मनाने रचली आहे अशी त्यांची खात्री होती. दुसरा उपाय नव्हता म्हणून त्यांनी ती चालवून घेतली. हेडफोन काही त्यांनी डोक्याला लावला नाही.

जत्रेच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावचा बँड आधी वाजला. क्लॅरिनेट एकच, पण जोर असा की मांडवाचं कापड थरथरलं. शिट्ट्यांवर शिट्ट्या पडल्या आणि वाजेवाडीकरांचे चेहरे उतरले. मग तात्यांनी धून सुरू केली, आणि खालून कस्तुराची साथ आली. ती ऐकावीशी वाटली म्हणून ढोलवाल्यांनी आपण होऊन हात हलका केला. वाजेवाडीच्या ढोलवाल्यांनी असं आजवर कधी केलं नव्हतं. बघता बघता सगळा मांडव शांत झाला.

पंच उठले. कस्तुराने क्लॅरिनेट छातीशी घट्ट धरली.

"दुसरी क्लॅरिनेट सूर न् सूर रेकॉर्डिंगमधलीच आहे," पंच म्हणाले. "आज ती एकाच बँडने वाजवली."

पुढे ते काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. वाजेवाडीचे ढोल सुरू झाले होते, बायाबापड्या नाचत होत्या, कस्तुरा हसत होती आणि रडतही होती.

तात्या तेवढे टेम्पोत एकटे जाऊन बसले. कस्तुरा त्यांना शोधत आली, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "दे त्यो."

तिने धून लावली. तात्या डोळे मिटून ऐकत राहिले. धून संपली, तशी त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"जन्मभर ही धून मी एकट्यानंच वाजवली, पोरी," ते म्हणाले. "संगतीला कुनीतरी हुतं, त्ये मला ठावंच न्हवतं."

तात्पर्य: जी वस्तू ज्या कामासाठी घ्यायची, ती त्याच कामात पारखून घ्यावी. खिसा लहान असला तरी चालतं. निवड मात्र झगमगाटावर आणि चारचौघांच्या गलक्यावर सोडू नये, आणि आपण स्वतः ऐकून पाहिल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकणं खोटं ठरवू नये.