जावांची चूल

निंबखेड्याला एस.टी. सोडते तिथून नदीकडं चालत गेलात की चिंचेखाली एक चूल दिसते. घर नाही, भिंत नाही, छप्पर नाही, नुसती मातीची चूल. आणि तिला तोंडं दोन. एक उगवतीकडं, एक मावळतीकडं, आणि मधे एकच मोठा हंडा बसेल एवढी जागा. दोन बायका समोरासमोर बसून दोन बाजूंनी लाकडं सारणार, आणि दोघींच्या मधे तो हंडा. वर्षभर तिच्यावर कुत्री झोपतात. आखाजीला मात्र तिथं पाय ठेवायला जागा नसते.

आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया. पण खानदेशात ती वेगळीच गोष्ट आहे. सासरी गेलेल्या सगळ्या मुली त्या दिवसाला माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, आणि पाटलांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही घरांच्या बायका या एका चुलीवर पानगे करतात. मक्याचं पीठ भिजवायचं, त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, मधे पनीर, आणि हे सगळं कणसाच्या वाळल्या सालीत गुंडाळून वाफेवर ठेवायचं. आता सुरतेहून येणाऱ्या सुना चीजसुद्धा आणतात. वास असा सुटतो की रस्त्यावरचे ट्रक थांबतात.

आम्ही मित्रमंडळी हर्षदाबरोबर गेलो होतो, हे तिचं गाव. गेलो ते थेट गरम पानग्यांवर तुटून पडलो, आणि आमच्यातला मिहीर एका काकूंना म्हणाला, काकू, काय भारी झालेत. झालं. चाळीसेक बायकांचे हात जागच्या जागी थांबले. त्या काकूंनी त्याच्या हातातला पानगा काढून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "कौतुक घरी जाऊन आईचं कर. इथं खायचं तर शिवी दे, नाहीतर ऊठ."

हर्षदानं आम्हाला ओढतच हिलाल आप्पांकडं नेलं. हे तिच्या आजोबांचे चुलतभाऊ, चिंचेच्या पलीकडं खाट टाकून बसलेले. आप्पांनी पुढं जे सांगितलं ते सगळं अहिराणीत. मी आपलं माझ्या भाषेत सांगतेय, कारण माझी अहिराणी ऐकली की आप्पा पाणी मागतात.

तर फार पूर्वी इथं घर होतं, असं सांगतात. दोन भाऊ, आणि त्यांच्या दोन बायका. थोरली मथा, धाकटी गजरा. मथाचा हात पिठाला असा की मक्याची भाकरीसुद्धा फुगायची. गजरा माहेराहून म्हैस घेऊन आलेली, दूधदुभतं तिचं. पहिल्याच दिवशी मथा म्हणाली, म्हशीला वास येतो. गजरा म्हणाली, म्हशीला नाही, दुसऱ्याच कुणाला येतो. तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. चुली वेगळ्या झाल्या. मग गजरानं दोन चुलींच्या मधे मातीची भिंत घातली. मग मथानं ती उंच केली. एकीनं अंगण झाडलं की दुसरी कचरा परत तिच्याकडं लोटायची. भावांनी समजावलं, गावच्या पंचांनी बसवलं, कुठल्याशा महाराजांनी दोघींना एका ताटात जेवायला लावलं, तर दोघींनी मधे पापड उभा धरून जेवण केलं म्हणे.

लोकांना मजा वाटायची. मजा वाटत नव्हती ती एकीलाच. या भावांची एकुलती बहीण, ठकू.

ठकूला नदीपलीकडं दिलेली. सासू कडक. वर्षातून एकदा, आखाजीच्या आदल्या दिवशी, तिला माहेरी सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडी येऊन परत न्यायची. तेवढंच तिचं माहेरपण. सासरी परत जाताना माहेरची शिदोरी न्यायची रीत. पण इथं चुली दोन, म्हणून शिदोऱ्याही दोन. मथा ठकूच्या कानात सांगायची, धाकटीची भाजी आंबलीय, वाटेत टाकून दे. गजरा सांगायची, थोरलीनं पिठात राख मिसळलीय, बैलाला घाल. एका वर्षी दोघींनी गाडी निघताना एकमेकींची शिदोरी ओढून काढली आणि ठकू रिकाम्या हातानं सासरी उतरली.

सासूनं ते मनात ठेवलं. पुढच्या आखाजीला पाठवताना तिनं ठकूला दारात थांबवलं आणि म्हणाली, "माहेर एक असतं. तुझी दोन आहेत, म्हणजे एकही नाही. या खेपेला एका चुलीवरची, दोघी भावजयांच्या हातची शिदोरी आण. नाही आणलीस तर ही तुझी शेवटची आखाजी. मग नदीकडं तोंड करून बसायचं नाही आणि रडायचंही नाही."

ठकू आली ती हे पोटात घेऊन. भावांना सांगितलं. आखाजीला इकडं पत्ते खेळतात, अजूनही खेळतात, तर भाऊ म्हणाले, आम्ही बोलतो तिच्याशी, आणि पाराकडं गेले ते गेलेच. ठकूनं भावजयांना सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं. दोघींनाही ठकू हवी होती, हे आप्पा मुद्दाम सांगतात. पण दोघींना ती आपल्या चुलीवर हवी होती.

सकाळी मथानं गोड पानगे करायचं ठरवलं. पीठ भिजवलं, गूळ बाजूला काढला, आणि साली भिजत घालायला विहिरीवर गेली. इकडं गजरानं खिरीसाठी दूध चुलीवर चढवलं आणि म्हशीला चारा टाकायला गोठ्यात गेली. मथा परतली, बघते तर धाकटीचं दूध एकटंच. तिनं कैरीच्या दोन आंबटढाण फोडी त्यात सोडल्या आणि काही झालंच नाही असं दाखवून सरपण आणायला मागल्या दारी गेली. गजरा आली तेव्हा दूध फाटून त्याचं पाणी पाणी. विचारायची गरजच नव्हती, कैरी वर तरंगत होती. तिनं पाट्यावरचा हिरव्या मिरचीचा ठेचा, सणाच्या माणसांसाठी वाटलेला सगळा, मथाच्या पिठात उलटा केला आणि कोपरापर्यंत हात घालून कालवला.

मग जे झालं त्यानं गाव गोळा झालं. मथा म्हणाली, सणाच्या अन्नात विष कालवलंस, तुझ्या सात पिढ्यांची जीभ झडेल. गजरा म्हणाली, दूध नासवणारीच्या घरात पाळणा हलत नाही. घरात ना दुसरं दूध ना दुसरं पीठ. आणि तेवढ्यात नदीच्या उतारावर ठकूच्या दिराची गाडी दिसली. ठरल्यापेक्षा आधीच.

ठकूनं दोघींपुढं पदर पसरला. वहिनी, पाया पडते, आजच्या दिवस गप्प बसा, असं म्हणाली. आणि नवल म्हणजे दोघी गप्प बसल्या. पण कशा? हात मांडीवर ठेवून. चूल विझत चालली, पीठ वाळत चाललं, बैल दारात फुरफुरतायत, आणि दोघी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारख्या गप्प. तेव्हा ठकूच्या लक्षात आलं म्हणे. आजवर ज्यानं त्यानं यांना गप्पच केलं होतं. पण यांचा हात चालतो तो रागावर. भांडताना मथा परातभर पीठ मळून काढायची. भांडण थांबलं की तिला पोळपाटसुद्धा सापडायचा नाही.

ठकू उठली. गोठ्यातून कुदळ आणली आणि दोन चुलींमधली ती भिंत फोडली. चुलींच्या पाठी एक झाल्या. वर हंडा ठेवला, तळाला पाणी, त्यावर तुराट्यांची जाळी. मग ती दोघींकडं वळली. आजवर तिनं भावजयांना कधी उलट शब्द दिला नव्हता.

"भांडा," ती म्हणाली. "मला सासरी पुरून टाकायचंच असेल तर निदान आवाज करून पुरा. ही थोरली, हिला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. ही धाकटी, हिला स्वतःचंसुद्धा बघवत नाही. तोंड चालवा. पण हात थांबला जिचा, ती माझ्यासाठी आज मेली."

पहिल्यांदा मथा हलली. साल उचलली, त्यावर मिरचीचं पीठ थापलं आणि गजरापुढं आपटलं. "घे. तुझ्या थोबाडासारखं सपाट."

गजरानं फाटलेलं दूध फडक्यात पिळलं. त्यातला गोळा मोडून पिठावर दाबला. "घे. तुझ्या मनासारखं नासकं."

आणि सुटल्या. मथा थापतेय, गजरा भरतेय, ठकू साल गुंडाळून सुतळीनं बांधतेय. मथानं गजराच्या माहेरचा उद्धार केला, गजरानं मथाच्या चालीची नक्कल केली, बसल्या जागी. मथा म्हणाली, माझ्या बाजूनं जाळ बघ, तुझ्या बाजूला नुसता धूर, माणसासारखाच. की गजरा दोन लाकडं जास्त सारणार. की मथा तीन. दोन्हीकडचा जाळ मधे एक झाला आणि हंडा असा वाफाळला की झाकण नाचायला लागलं. दारात दीर उभा होता, तो शिव्या ऐकून गाडीत जाऊन बसला.

शिदोरी घेऊन ठकू सासरी पोचली. सासूनं टोपलं पुढं ओढलं. साल सोडली, पानगा मोडला. पांढरा गोळा बघितला, हे धाकटीच्या म्हशीचं. पीठ चिमटीत दाबून बघितलं, हे थोरलीचं मळण. वाफ एकच, म्हणजे चूल एक. मग तिनं घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ठकू समोर उभी. आपलं माहेर राहिलं की गेलं, ते त्या बाईच्या तोंडात होतं.

सासू पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं. "दोघी विषारी आहेत," म्हणाली. "पण एका चुलीवर विषारी आहेत. जा पुढच्या वर्षी." आणि दुसरा पानगा उचलला.

आता तुम्हाला वाटेल, मग समेट झाला असेल. आम्हीही आप्पांना तेच विचारलं. आप्पा म्हणाले, कसला समेट. पुढच्या आखाजीला गजरानं दूध ठेवलं, मथानं कैरी टाकली. गजरानं ठेचा ओतला. ठकूनं बांधलं. दरवर्षी हेच. मधल्या वर्षभरात बोलणं नाही, आणि आखाजीला वर्षभराचं एकदम. मथा म्हातारी होऊन गेली तेव्हा गजरा तिच्या दहाव्यालाही गेली नाही. थोरली गेली तर जाऊ दे, म्हणाली, पीठ वाचलं.

त्यानंतरची आखाजी आली. ठकूही आता म्हातारी, तरी नदी ओलांडून आली. गजरानं दूध चढवलं आणि सवयीनं गोठ्यात गेली. चारा टाकला. परत आली, तर दूध जसंच्या तसं. छान साय धरलेली. ती पुन्हा गोठ्यात गेली. म्हशीपुढं चारा होताच, तरी टाकला. परत आली. दूध चांगलंच. मग ती चुलीपाशी बसली आणि त्या चांगल्या दुधाकडं बघत राहिली. ठकू म्हणाली, वहिनी, खीर करूया का. समोरच्या तोंडाशी कुणीच नव्हतं, जाळ एकीकडूनच होता आणि दूध नुसतं आटत होतं.

तेव्हा मथाची सून आली, बायजा. घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. पदराआडून तिनं हात काढला आणि गजराच्या देखत कैरीच्या दोन फोडी दुधात टाकल्या.

"सासूबाईंनी जाताना बजावलंय," ती म्हणाली. "धाकटीचं दूध चांगलं राहू द्यायचं नाही."

दूध फाटेपर्यंत गजरा बघत होती. मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि धुराला एक शिवी दिली. "आली का नासवीची नासकी सून," म्हणाली, आणि ठेच्याचं भांडं घेऊन उठली.

पुढं नदीनं घर नेलं, असं सांगतात, चूल तेवढी राहिली. दर चैत्रात दोन्ही घरच्या सुना तिला माती लावतात, आपापल्या बाजूनंच, आणि दुसरीची बाजू वाकडी झालीय असं एकमेकींना सांगतात. कौतुक केलं की चूल पेट धरत नाही, असा समज आहे. मुलींची शिदोरी एकाच टोपल्यात भरली जाते.

आणि आजही आखाजीला सकाळी धाकटीच्या घरातली बाई चुलीवर दूध चढवते, पदर खोचते, आणि त्याच्याकडं पाठ करून बसते.